कमी कर्बोदकांचा आहार आणि चॉकलेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी पोळी-भात कमी केला आहे, चहातली साखर सोडली आहे आणि तरीही रात्रीच्या जेवणानंतर ज्यांना ‘काहीतरी गोड’ आठवतेच, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. येथे दिलेले आकडे त्या त्या प्रकारात सर्वसाधारणपणे आढळणारे आहेत. तुमच्या हातातल्या पाकिटावर वेगळा आकडा असेल, तर पाकिटावरचाच धरावा.

प्रश्न : कमी कर्बोदकांच्या आहारात चॉकलेट चालते का?

चालते, पण कोणते आणि किती, हे तुम्ही दिवसाची कर्बोदकांची मर्यादा काय ठरवली आहे यावर अवलंबून असते. दिवसाला साधारण १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके ठेवणाऱ्या आहाराला ढोबळमानाने कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. कीटो पद्धतीत हीच मर्यादा २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली येते. कीटो आहार वजन उतरवण्यासाठी जन्माला आला नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला, आणि त्याचा काटेकोरपणा तेव्हापासूनचाच आहे. १०० ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्या व्यक्तीला २० ग्रॅम गडद चॉकलेट सहज सामावून घेता येते. २० ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याला मात्र त्याच तुकड्यासाठी दिवसभराच्या भाज्या आणि दही यांच्याशी हिशेब मांडावा लागतो.

प्रश्न : ‘चॉकलेट’ म्हणजे नेमके काय धरायचे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण आपल्या घरांत हा शब्द फार सैल वापरला जातो. वाढदिवसाला वर्गात वाटतात तेही चॉकलेट, वाण्याने सुट्या पैशांऐवजी हातावर ठेवलेली गोळी तीही चॉकलेट, आणि खऱ्या चॉकलेटला मात्र अनेक घरांत आजही, कंपनी कोणतीही असो, ‘कॅडबरी’च म्हणतात. त्या गोळ्या म्हणजे आटवलेली साखर आणि ग्लुकोज सिरप असते. त्यांचा या पानाशी संबंध नाही.

येथे चॉकलेट म्हणजे कोकोच्या बियांपासून केलेला पदार्थ. बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटल्या की त्यांचा दाट लगदा होतो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग कोको बटर, म्हणजे स्निग्धांश असतो. उरलेला भाग म्हणजे ज्यातून कडूपणा, रंग आणि तंतू येतात तो कोकोचा चोथा. कोको बटरमध्ये कर्बोदके जवळपास नसतातच. चॉकलेटमधली कर्बोदके मुख्यतः बाहेरून घातलेल्या साखरेतून येतात, आणि दुधाचे चॉकलेट असेल तर काही दुधातल्या साखरेतून.

प्रश्न : वेष्टनावर ७० टक्के, ८५ टक्के असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

त्या वडीतला इतका भाग कोकोच्या बियांतून आला आहे, म्हणजे चोथा आणि कोको बटर दोन्ही मिळून. गडद चॉकलेटमध्ये उरलेला भाग जवळजवळ सगळा साखरेचा असतो. त्यामुळे ७० टक्क्यांच्या १०० ग्रॅम वडीत ३० ग्रॅमच्या आसपास आणि ८५ टक्क्यांच्या वडीत १५ ग्रॅमच्या आसपास साखर असणार, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता येते. दुधाच्या चॉकलेटला हा नियम लावू नये, कारण तिथे उरलेल्या भागात दुधाची भुकटीही असते.

टक्केवारी छापलेली नसेल आणि नुसते ‘डार्क’ एवढेच लिहिले असेल, तर त्या शब्दावर विश्वास ठेवू नये. रंग काळा असला म्हणून साखर कमी असते असे नाही. बाजारात ५० ते ५५ टक्क्यांची चॉकलेटेही याच नावाने विकली जातात आणि त्यांत जवळजवळ निम्मी साखर असते. घटकांच्या यादीत पहिले नाव साखरेचे दिसले, तर पाकीट परत ठेवावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे त्या वडीत साखरेचेच वजन सर्वांत जास्त आहे.

प्रश्न : एका तुकड्यात प्रत्यक्षात किती कर्बोदके जातात?

१०० ग्रॅमच्या पातळ वडीचे बहुधा दहा चौकोन असतात, म्हणजे एक चौकोन १० ग्रॅमचा. आपण दोन चौकोन, म्हणजे २० ग्रॅम धरू आणि एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करू, कारण तंतूंची रक्तात साखर होत नाही.

७० ते ८५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे ४६ ग्रॅम कर्बोदके आणि ११ ग्रॅम तंतू असतात. म्हणजे दोन चौकोनांत निव्वळ ७ ग्रॅम. ९० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये हाच आकडा ३ ग्रॅमच्या आसपास येतो. दुधाच्या चॉकलेटच्या तेवढ्याच तुकड्यात ११ ग्रॅम, आणि पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ १२ ग्रॅम निव्वळ कर्बोदके असतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा चोथाच नसल्यामुळे तंतू औषधालाही सापडत नाहीत. तुलनेसाठी सांगायचे तर एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. ज्यांच्या दिवसातून तीन वेळा होणाऱ्या चहात दोन दोन चमचे साखर पडते, त्यांनी चॉकलेटच्या दोन चौकोनांवरून घरात वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

उष्मांकांचा मात्र विसर पडू देऊ नये. गडद चॉकलेट १०० ग्रॅममागे सुमारे ६०० किलोकॅलरी देते. कर्बोदके कमी झाली तरी त्यांची जागा स्निग्धांशाने घेतलेली असते.

प्रश्न : आयात केलेल्या चॉकलेटवर कर्बोदके फारच कमी दिसतात. ते खरे असते का?

बहुतेक वेळा खरे असते, पण मोजण्याची पद्धत वेगळी असते. युरोपातील छापील तक्त्यांत ‘कर्बोदके’ या आकड्यात तंतू धरलेले नसतात. ते स्वतंत्र ओळीत दिलेले असतात. अमेरिकेतील तक्त्यांत तंतू कर्बोदकांच्या पोटातच असतात. युरोपीय वडीवरच्या आकड्यातून पुन्हा तंतू वजा केले, तर हिशेब कागदावर सुंदर आणि प्रत्यक्षात खोटा होतो. ही चूक फार जण करतात.

आपल्याकडच्या पाकिटांवर कोणती पद्धत वापरली आहे हे नेहमी स्पष्ट नसते. त्यासाठी एक युक्ती आहे. १०० ग्रॅममागे दिलेले स्निग्ध, प्रथिने आणि कर्बोदके हे तीन आकडे एकत्र करावेत. चॉकलेटमध्ये पाणी नगण्य असते, त्यामुळे बेरीज ९६-९७च्या पुढे गेली तर तंतू कर्बोदकांत धरलेले आहेत आणि ते वजा करता येतील. समजा स्निग्ध ५५, प्रथिने १० आणि कर्बोदके १४ असतील, तर बेरीज फक्त ७९ होते. उरलेल्या वजनात मुख्यतः तंतू आहेत, ते आधीच बाहेर काढलेले आहेत, आणि १४ हाच निव्वळ आकडा आहे.

प्रश्न : ‘शुगर फ्री’ चॉकलेट निर्धास्तपणे खाता येते का?

नाही. ‘शुगर फ्री’चा अर्थ साखर नाही एवढाच, कर्बोदके नाहीत असा नव्हे. अशा अनेक चॉकलेटांमध्ये माल्टिटॉल नावाचा घटक असतो. तो चवीला आणि पोताला साखरेच्या इतका जवळ आहे की उत्पादकांना तो सोयीचा पडतो, परंतु त्याचा काही भाग शरीर पचवते आणि रक्तातील साखर त्याने वाढते, साखरेइतकी नाही तरी मोजता येईल इतकी. कीटो आहार पाळणारे अनुभवी लोक माल्टिटॉलचे निम्मे वजन कर्बोदकांत धरतात, आणि तो हिशेब समंजस आहे.

न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेली सारक परिणामाची सूचना याचसाठी असते. प्रस्तुत लेखकाने एकदा ती न वाचता पुणे-मुंबई प्रवासात अशी अर्धी वडी संपवली होती; लोणावळा येईपर्यंत पोटात जो गडगडाट सुरू झाला, त्यानंतर घाटातले धबधबे पाहण्याची इच्छा उरली नाही.

प्रश्न : मग गोडीसाठी कोणता पर्याय बरा?

एरिथ्रिटॉल बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जाऊन लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे ते रक्तातील साखर वाढवत नाही आणि पोटालाही तुलनेने कमी त्रास देते. त्याची गोडी साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते आणि जिभेवर पुदिन्यासारखा किंचित थंडावा जाणवतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होते अशा लोकांमध्ये हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाणही जास्त आढळले. शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल तयार करत असल्यामुळे, हा त्याचाच दोष असे त्यातून सिद्ध होत नाही. पण ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी ते रोज चमच्यांनी खाऊ नये, असे आमचे मत आहे.

स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असते, म्हणून ती चिमटीभरच लागते. जास्त झाली की कडवट मागचव राहते. सुक्रालोजची गोडी साखरेच्या सुमारे ६०० पट असते, मात्र त्याच्या भुकटीत वजन भरण्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिन घातलेले असू शकते आणि ते निखळ पिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी गोडके वापरू नयेत, असा सल्ला दिला आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू केलेला नाही.

सर्वांत बरा पर्याय म्हणजे साखर असलेले, परंतु ८५ टक्क्यांच्या पुढचे चॉकलेट थोडेसे खाणे. त्यात काय आहे हे निदान एका ओळीत वाचता येते.

प्रश्न : गूळ, खजूर किंवा नारळाची साखर घातलेले चॉकलेट चालेल का?

कर्बोदकांच्या हिशेबात नाही. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि खजुराच्या वजनातही साधारण दोन तृतीयांश साखर असते. त्यांतली खनिजे चॉकलेटच्या दोन तुकड्यांतून नगण्यच मिळतात.

प्रश्न : चॉकलेट कधी खावे?

जेवणाच्या शेवटी, ताटावरून उठण्यापूर्वी. पोटात प्रथिने, स्निग्ध आणि भाजीचे तंतू आधीच गेलेले असले की साखर रक्तात सावकाश उतरते, आणि पोट भरलेले असल्यामुळे दोन चौकोनांवर थांबणेही सोपे जाते. दुपारी चार वाजता, भुकेल्या पोटी, कामाच्या टेबलावर अख्खी वडी उघडून ठेवणे हा सर्वांत वाईट प्रकार. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ती पद्धत म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार नव्हे, पण अनेक जण दोन्ही एकत्र पाळतात. त्यांनी चॉकलेट त्या ५५ मिनिटांतच संपवावे; मधल्या वेळचा ‘एकच तुकडा’ ती शिस्त मोडतो.

प्रमाण डोळ्यांनी न ठरवता सुरुवातीचे आठ दिवस वजनकाट्यावर ठरवावे. जाड वडीचा एक चौकोन १० ग्रॅमचा वाटतो आणि काट्यावर १७ दाखवतो.

प्रश्न : ८५ टक्क्यांचे चॉकलेट फार कडू लागते. काय करावे?

एकदम उडी मारू नये. ५५ वरून ७० वर, तिथे तीन-चार आठवडे, मग ८५ वर, असे सरकावे. इतर साखर कमी झाली की जीभ आपोआप बदलते. ज्याला कारल्याची काचऱ्यांची भाजी आवडते त्याला कोकोचा कडूपणा परका वाटण्याचे कारण नाही. तुकडा चावून गिळू नये. कोको बटर अंगाच्या उष्णतेला, साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणून तुकडा जिभेवर ठेवून तोंड मिटावे. मिनिटभरात कडूपणाच्या मागून फळाचा किंवा भाजलेल्या दाण्यांचा स्वाद येतो. सोबत दोन खारे बदाम किंवा भाजलेले शेंगदाणे घेतले तर मीठ कडूपणाला दाबते. काजू मात्र मोजून घ्यावेत, कारण त्यांत बदामाच्या दुपटीहून अधिक निव्वळ कर्बोदके असतात.

प्रश्न : मला मधुमेह आहे. मी हे सर्व करावे का?

‘भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदे’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा हा प्रश्न अनेकांचा आहे. आहारातील कर्बोदके अचानक कमी केल्यावर इन्सुलिनची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची जुनी मात्रा जास्त ठरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी कीटो आहार सुरू केल्यास, साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात धोकादायक आम्लता निर्माण होऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे, चॉकलेटचा विचार त्यानंतर करावा.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. साखर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू झाली, तर गडद चॉकलेट हा उपाय नव्हे. त्यात साखर कमी असते आणि स्निग्धांशामुळे ती उशिरा शोषली जाते. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

प्रश्न : गडद चॉकलेट हृदयासाठी चांगले असते ना?

कोकोतील फ्लॅव्हनॉल या घटकांमुळे रक्तवाहिन्या किंचित सैलावतात, हे खरे. परंतु अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोकोच्या अर्काने हृदयविकाराच्या एकूण घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी आढळले. आणि तिथे दिला होता तो कॅप्सूलमधला अर्क, वडी नव्हे. चॉकलेट आवडते म्हणून खावे. औषध म्हणून खाण्याइतका पुरावा नाही.

प्रश्न : गडद चॉकलेटमध्ये शिसे असते असे ऐकले. घाबरावे का?

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहकसंस्थेने २०२२ मध्ये २८ गडद चॉकलेटे तपासली आणि त्या सगळ्यांमध्ये शिसे व कॅडमियम आढळले. कॅडमियम जमिनीतून झाडात येते. शिसे बहुधा बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटते. दोन्ही कोकोच्या चोथ्यासोबत येतात, म्हणजे टक्केवारी जितकी जास्त तितका हा भागही जास्त. रोज अख्खी वडी खाऊ नये, एकाच कंपनीला धरून बसू नये, आणि गर्भवतींनी व लहान मुलांनी प्रमाण आणखी कमी ठेवावे. मुतखडा झालेल्यांनीही जपावे, कारण कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर असते.

प्रश्न : घरी काय करता येईल?

सर्वांत सोपा मार्ग कोको पावडरचा. एका सपाट मोठ्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, निव्वळ कर्बोदके जेमतेम एक ग्रॅम असतात. डब्यावर ‘कोको पावडर’च लिहिले आहे याची खात्री करावी, ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणजे बहुतांशी साखर असते.

आमच्याकडे चक्क्याचा प्रकार वारंवार होतो. दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवावे. सकाळी दोन मोठे चमचे कोको चार चमचे कढत पाण्यात आधी कालवून घ्यावा. थेट चक्क्यात घातला तर गुठळ्या राहतात आणि कितीही घोटले तरी कोरडी भुकटी दाताखाली येते. तो निवला की वाटीभर चक्क्यात घोटावा, चवीपुरती स्टीव्हिया, चिमूटभर मीठ आणि जायफळ किसून घालावे. जायफळ वगळू नये. कोको आणि जायफळ यांची जोडी श्रीखंडातल्या केशर-वेलचीइतकीच पक्की आहे. वड्या करायच्या असतील तर ८५ टक्क्यांचे चॉकलेट गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे आणि त्यात भाजलेले दाणे मिसळावेत. भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नये आणि आत पाण्याचा एक थेंबही पडू देऊ नये. थेंब पडला की बघता बघता सगळे आळून रवाळ गोळा होतो.

या कामासाठी बाजारात मिळणारी ‘कंपाऊंड’ची लादी घेऊ नये. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल-तूप असते, आणि साखर भरपूर. दिवाळीत रंगीत कागदात गुंडाळून भेट येणारी ‘घरगुती’ चॉकलेटे पुष्कळदा हिचीच असतात.

प्रश्न : लोणावळ्याहून कोणी फज आणले तर?

फज म्हणजे साखर, दूध आणि लोणी आटवून केलेली मऊ वडी. चॉकलेट त्यात चवीपुरते. आणणाऱ्याचा मान राखण्यासाठी सुपारीएवढा तुकडा घ्यावा, जेवणातला भात त्या दिवशी सोडावा आणि डबा शेजाऱ्यांकडे पाठवावा.

प्रश्न : उपवासाला चॉकलेट चालते का?

ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर. कर्बोदकांचाच प्रश्न असेल, तर साबुदाणा जवळजवळ निखळ पिष्ट आहे, आणि खिचडीची एक बशी कोणत्याही दोन चौकोनांना सहज मागे टाकते.

प्रश्न : उन्हाळ्यात चॉकलेट कुठे ठेवावे? त्यावर पांढरे पडले तर टाकून द्यावे का?

टाकू नये. वितळून पुन्हा घट्ट झाल्यावर कोको बटर पृष्ठभागावर येते आणि त्याचा पांढुरका थर दिसतो. ती बुरशी नसते. पोत भुसभुशीत होतो, चव थोडी उतरते, पण वड्यांसाठी वितळवायला ते उत्तम चालते. विदर्भात पारा ४५ला टेकतो तेव्हा फडताळात चॉकलेट टिकणार नाही, फ्रीज अटळ आहे. चॉकलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, नाहीतर दोन दिवसांत त्याला लसणाच्या चटणीचा वास लागतो. खाण्याआधी अर्धा तास डबा बाहेर काढून ठेवावा आणि तोवर झाकण उघडू नये. गार चॉकलेटला गरम हवा लागली की त्याला घाम फुटतो, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत डाग उरतात.